सुलतान खान यांच्या चाली

शनिवारी आमच्या शाळेत शेवटचा तास खेळाचा असतो. पावसाळ्यात मैदानात चिखल झाला की मुले वर्गातच कॅरम आणि बुद्धिबळ काढून बसतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका शनिवारी नववीतल्या एका मुलाने डाव हरल्यावर सोंगट्या डब्यात भरता भरता मला विचारले, "सर, आपल्यातला कुणी ग्रँडमास्टर झालाय का?"

"आपल्यातला" म्हणजे काय, हे मी त्याला विचारले नाही. उर्दू शाळेत मराठी शिकवताना हा शब्द रोज कानावर पडतो आणि त्याचा अर्थ प्रत्येक वेळी निराळा असतो. कधी आपल्या गल्लीतला, कधी आपल्या जमातीतला, कधी आपल्या देशातला. मी त्याला मीर सुलतान खान यांची गोष्ट सांगितली. पंजाबातला एक निरक्षर नोकर. मालकाबरोबर विलायतेला गेला. पुस्तक म्हणून कधी हातात धरले नाही. तरीही त्याने साहेबांना त्यांच्याच देशात तीनदा हरवले आणि माजी जगज्जेत्यालाही धूळ चारली. मग मालकाबरोबर मुकाट्याने परत आला आणि जगाच्या नजरेआड झाला. वर्गात एकदम शांतता पसरली. मुलांना गोष्ट फार आवडली. मलाही ती सांगायला आवडत होती, म्हणून पुढे दरवर्षी सांगत राहिलो.

नंतर थोडे जास्त वाचले तेव्हा लक्षात आले की त्या गोष्टीतला खेळाचा भाग खरा आहे, पण माणसाविषयी मी जे ठासून सांगत होतो त्यातले बरेच वादग्रस्त आहे. आजचा लेख त्यासाठीच आहे. आधी सुलतान खान काय खेळले ते पाहू, मग त्यांच्याविषयी काय बोलले गेले ते पाहू. हा क्रम मी मुद्दाम ठेवला आहे.

देशी डाव

सुलतान खान यांचा जन्म 1903 चा. गाव मिठा टिवाना, तेव्हाच्या ब्रिटिश पंजाबातले. आज ते पाकिस्तानात खुशाब जिल्ह्यात येते. वडील मियाँ निजामुद्दीन यांनी त्यांना नवव्या वर्षाच्या सुमारास बुद्धिबळ शिकवले. पण ते आज आपण स्पर्धेत पाहतो ते बुद्धिबळ नव्हे. तो होता देशी डाव.

माझे दादा शेवटपर्यंत देशी डावच खेळत. आम्ही पोरे शाळेतून नवे नियम शिकून यायचो आणि प्यादे पहिल्याच चालीत दोन घरे पुढे टाकायचो, तेव्हा ते आमचा हात धरायचे. देशी डावात प्यादे एकच घर चालते. आज आपण ज्याला किल्लेकोट म्हणतो, म्हणजे राजा आणि हत्ती यांची एकाच चालीत होणारी अदलाबदल, तसा किल्लेकोट त्यात नाही. त्याऐवजी राजाला शह बसला नसेल तर एकदाच घोड्यासारखी उडी मारण्याची मुभा असे. प्यादे पलीकडच्या टोकाला पोचले की हवा तो मोहरा मागता येत नसे. ज्या मोहऱ्याच्या पट्टीत ते पोचले, तोच मोहरा मिळे. साहजिकच देशी डाव सावकाश उलगडतो. दोन्ही बाजू आपापली प्यादी एकेक घर सरकवत तटबंदी उभारतात आणि खरी लढाई उशिरा जुंपते. सुरुवातीच्या चाली पाठ करून फार हाती लागत नाही. डावाचा मध्य आणि शेवट ज्याला कळतो तो जिंकतो.

भाषाशिक्षकाची सवय म्हणून एक गोष्ट इथे सांगतो. चतुरंग हा शब्द भारतातून इराणात गेला, तिथे चतरंग झाला, अरबांनी त्याचे शतरंज केले आणि तो याच नावाने उर्दूत परत आला. मराठीने खेळाला बुद्धिबळ हे आपले नाव दिले, पण आतली मंडळी फारसी-अरबीच ठेवली: वजीर, प्यादा, मोहरा, शह, मात. आज मराठी माणूस राजकारणावर बोलताना "शह-काटशह" म्हणतो, आजारावर "मात" करतो, तेव्हा तो याच पटावरचे शब्द वापरत असतो. हा खेळ नेमका कुणाचा, हा प्रश्न भाषेने असा केव्हाच निकालात काढला आहे.

एकविसाव्या वर्षाच्या सुमारास सुलतान खान पंजाबातले सर्वांत बलवान खेळाडू मानले जाऊ लागले. सरगोध्याजवळच्या कालरा इथले मोठे जमीनदार सर उमर हयात खान टिवाना यांनी त्यांना आपल्याकडे बोलावले. सर उमर सैन्यात अधिकारी होते आणि इंग्रज सरकारच्या मर्जीतले होते. त्यांचे चिरंजीव खिज्र हयात पुढे अखंड पंजाबचे शेवटचे मुख्यमंत्री झाले. सर उमर यांना बुद्धिबळाचा फार नाद. त्यांच्या आश्रयाखाली सुलतान खान पाश्चात्त्य नियम शिकले आणि 1928 मध्ये अखिल भारतीय स्पर्धेत उतरले. नऊ डावांत आठ विजय, एक बरोबरी, पराभव एकही नाही.

विलायतेतली चार वर्षे

1929 च्या वसंतात सर उमर भारतमंत्र्यांच्या सल्लागार मंडळाचे सदस्य म्हणून लंडनला गेले आणि सुलतान खान यांना बरोबर घेऊन गेले. तिथे त्यांच्या सरावासाठी एक छोटी स्पर्धा भरवण्यात आली. त्यात ते शेवटच्या क्रमांकात बरोबरीने राहिले. विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स हे इंग्लंडचे दोन नामवंत खेळाडू त्यांच्या पुढे होते. याच दोघांनी मग त्यांचा सराव घेतला. त्या उन्हाळ्यात रॅम्सगेटला ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा झाली. साम्राज्यातल्या प्रजाजनांना ती खुली होती. पाश्चात्त्य नियमांची ओळख होऊन तीन-चार वर्षेच झालेला आणि काही आठवड्यांपूर्वी तळाला राहिलेला हा पंजाबी तरुण ती स्पर्धा जिंकून गेला.

त्यानंतर सर उमर यांच्याबरोबर ते भारतात परतले आणि मे 1930 मध्ये पुन्हा युरोपात आले. इथून त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द सुरू होते आणि डिसेंबर 1933 मध्ये संपते. मधला भारतातला मुक्काम वगळला तर सगळी मिळून जेमतेम चार वर्षे. एखादा विद्यार्थी पाचवीत येऊन नववीत जाईल एवढाच काळ.

या चार वर्षांचा हिशोब पाहा. 1930 मध्ये हॅम्बर्गच्या ऑलिंपियाडमध्ये ते इंग्लंडच्या संघाच्या पहिल्या पटावर बसले. पहिला पट म्हणजे प्रत्येक फेरीत समोरच्या देशाचा सर्वोत्तम खेळाडू. नऊ विजय, चार बरोबरी, चार पराभव. त्याच वर्षी बेल्जियममधल्या लीएजच्या स्पर्धेत दुसरा क्रमांक, पुढे फक्त तार्ताकोव्हर. 1931 मध्ये याच तार्ताकोव्हर यांच्याशी बारा डावांचा सामना झाला. सुलतान खान यांनी चार जिंकले, तीन गमावले, पाच बरोबरीत सुटले आणि सामना त्यांच्या नावावर झाला.

1931 चे प्राग ऑलिंपियाड हॅम्बर्गपेक्षा कठीण होते. तिथे आठ विजय, सात बरोबरी आणि अवघे दोन पराभव. हरलेल्यांत फ्लोर आणि रुबिनस्टाइन होते. बरोबरी झालेल्यांत त्या वेळचे जगज्जेते अलेखाईन होते. 1932 च्या लंडन स्पर्धेत अलेखाईन पहिले, फ्लोर दुसरे आणि अमेरिकेचे काश्डान यांच्या बरोबरीने सुलतान खान तिसरे. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये बर्नला पंधरा डावांत दहा विजय आणि चौथा क्रमांक. फ्लोर यांच्याशी सहा डावांचा सामना झाला, तो मात्र एका गुणाने निसटला. ब्रिटिश अजिंक्यपद 1932 आणि 1933 मध्ये पुन्हा त्यांच्याकडेच आले. पाच वर्षांत तीन वेळा.

हे सगळे चालू असताना प्रकृती साथ देत नव्हती. इंग्लंडची ओलसर थंडी त्यांना कधीच मानवली नाही. हिवतापाची जुनी कुरकुर होतीच, त्यात सर्दी, ताप, घशाचे दुखणे. गळ्याला पट्ट्या गुंडाळून ते पटासमोर बसत.

हेस्टिंग्जचा डाव

आता एका डावाकडे थोडे सावकाश पाहू.

1930 सालचा शेवट. लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद भरली होती. बाबासाहेब आंबेडकर तिथे अस्पृश्यांची बाजू मांडत होते. भारतीय माणसाला स्वतःचा कारभार झेपेल का, यावर साहेब लोक खल करत होते. त्याच दिवसांत समुद्रकाठच्या हेस्टिंग्ज या गावी नाताळची वार्षिक बुद्धिबळ स्पर्धा सुरू झाली. तिथे सुलतान खान यांच्यासमोर बसले होते क्यूबाचे होजे राऊल कापाब्लांका. 1921 ते 1927 ते जगज्जेते होते. त्यांचा पराभव ही वर्षानुवर्षे वाट पाहण्याची गोष्ट होती.

पांढरी मोहरी सुलतान खान यांच्याकडे. पाचव्या चालीत त्यांनी अगदी डावीकडचे, हत्तीसमोरचे प्यादे एक घर पुढे सरकवले. पाहणाऱ्याला वाटावे, चाल फुकट गेली. पण या चालीने काळ्याच्या उंटाला महत्त्वाचे घर बंद होते आणि पांढऱ्याचा घोडा मोकळा राहतो. पुढे काही दशकांनी सोव्हिएत जगज्जेते पेट्रोशियन यांनी हीच कल्पना रुळवली आणि आज पुस्तकांत ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. ज्या माणसाला सुरुवातीच्या चालींचे काहीच ज्ञान नव्हते असे सांगितले जाते, त्याच्या हातून ती आधी पटावर आली होती. मला त्यात देशी डावाचा हात दिसतो. एकेक घर प्यादे सरकवण्यातच ज्याचे बालपण गेले, त्याला एका घराची किंमत जास्त कळत असणार.

विसाव्या चालीच्या पुढे कापाब्लांका यांनी एक झुंज लावली. आपले दोन्ही हत्ती देऊन त्यांनी वजीर मिळवला. कागदावर हिशोब जवळपास सारखा. पण वजिराला धावायला मोकळा पट लागतो आणि इथे प्यादी एकमेकांत अडकून पट बंद झाला होता. सुलतान खान यांनी घाई केली नाही. राजा सुरक्षित घरात नेला, काळ्या वजिराला करायला काही ठेवले नाही आणि दोन हत्तींना एका पट्टीत उभे करून हळूहळू आत शिरवले. पासष्टाव्या चालीला डाव संपला. माजी जगज्जेता हरला होता.

या डावात कुठे आतषबाजी नाही. धीर आहे, आणि समोरच्याला काय हवे आहे हे ओळखून तेवढेच न देण्याची समज आहे. स्पर्धेत शेवटी युवे पहिले, कापाब्लांका दुसरे आणि सुलतान खान तिसरे आले. सहसा कुणाला तो शब्द न देणाऱ्या कापाब्लांका यांनी या माणसाला अलौकिक प्रतिभेचा म्हटले.

फातिमा

मुलींना हा भाग सांगितल्याशिवाय मी पुढे जात नाही. सर उमर यांच्याच घरच्या मंडळींत फातिमा नावाची एक तरुण मुलगी होती. तीही बुद्धिबळ शिकली होती. 1933 मध्ये हेस्टिंग्जला सुलतान खान ब्रिटिश अजिंक्यपद जिंकत होते, तेव्हा महिलांच्या स्पर्धेत मिस फातिमा खेळत होत्या. अकरा डाव, दहा विजय, एक बरोबरी. दुसऱ्या क्रमांकावरच्या खेळाडूपेक्षा तब्बल तीन गुण जास्त. एकाच वर्षी ब्रिटनचे पुरुषांचे आणि महिलांचे दोन्ही किताब पंजाबातल्या एकाच घरात गेले.

एकदा एका मुलीने विचारले, "मग पुढे त्या कुठे खेळल्या?" पुढे त्यांचे नाव मोठ्या स्पर्धांत दिसत नाही. मी तसे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे त्यांची शाळा सुटली." आमच्याकडे आठवीनंतर एखादी मुलगी येईनाशी झाली की हेच म्हणतात.

परत

डिसेंबर 1933 मध्ये सर उमर भारतात परतले आणि सुलतान खानही परतले. त्यांचे वय तेव्हा तिशीच्या आसपास. बुद्धिबळपटूचा खरा बहर त्यानंतर सुरू होतो. अनेक वर्षांनी फातिमा यांनी सांगितले की भारतात आल्यावर सुलतान खान यांना तुरुंगातून सुटल्यासारखे वाटले होते.

त्यांचा शेवटचा मोठा नोंदलेला सामना 1935 मधला आहे आणि तो एका मराठी खेळाडूशी आहे. व्ही. के. खाडिलकर हे त्या काळातले आपल्याकडचे नावाजलेले बुद्धिबळपटू. दोघांत दहा डाव झाले. खाडिलकरांच्या वाट्याला एक बरोबरी आली, बाकी नऊ सुलतान खान यांनी जिंकले. त्यानंतर बुद्धिबळाच्या जगाला त्यांचे नाव ऐकू आले नाही.

1944 मध्ये सर उमर वारले. 1947 मध्ये फाळणी झाली. सुलतान खान सरगोध्याजवळ आपल्या जमिनीवर राहिले, संसार केला, मुले वाढवली. मुलांना त्यांनी बुद्धिबळ शिकवले नाही. आयुष्यात याहून उपयोगी काहीतरी करा, असे ते सांगत. 25 एप्रिल 1966 रोजी क्षयाने त्यांचे निधन झाले.

नोकर की पदरी असलेले?

आता त्या गोष्टीकडे येतो, जी मी वर्षानुवर्षे वर्गात सांगत होतो.

तिचे दोन मोठे आधार आहेत. एक म्हणजे इंग्रजीतला बुद्धिबळाचा एक प्रतिष्ठित कोश. त्यात सुलतान खान यांना वाचता-लिहिता येत नव्हते आणि त्यांनी खेळावरचे एकही पुस्तक अभ्यासले नव्हते, असे लिहिले आहे. त्याच कोशात ते जगातल्या पहिल्या दहा खेळाडूंपैकी एक होते, आणि डावाच्या अखेरीत तर पहिल्या दोन-तीनपैकी, असेही म्हटले आहे. दुसरा आधार म्हणजे अमेरिकेचे रूबेन फाइन. 1933 च्या फोकस्टन ऑलिंपियाडनंतर अमेरिकन संघाला लंडनमध्ये सर उमर यांच्याकडे जेवायला बोलावणे होते. फाइन लिहितात की तिथे त्यांना सुलतान खान यांनी वाढले आणि एवढ्या मोठ्या खेळाडूच्या हातून वाढून घेताना सगळ्यांना अवघडल्यासारखे झाले. 2020 मध्ये ग्रँडमास्टर डॅनियल किंग यांचे सुलतान खान यांच्यावर पुस्तक आले, त्याच्या उपशीर्षकातच त्यांना भारतीय नोकर म्हटले होते.

पुस्तक आल्यावर सुलतान खान यांच्या नातीने जाहीरपणे आक्षेप घेतला. तिचे म्हणणे असे की आजोबा नोकर नव्हते. घराणे जमीनजुमला असलेले आणि प्रतिष्ठित होते. त्यांना इंग्रजी वाचता-लिहिता येत होते. सर उमर यांनी त्यांना आपल्या इस्टेटीवर बुद्धिबळाचा संघ उभारण्यासाठी मानधन आणि राहण्या-जेवणाची सोय देऊन बोलावले होते.

हे वाचले तेव्हा पहिल्यांदा मला राग आला तो स्वतःचा. मी गोष्ट सांगत होतो ती एकाच बाजूच्या साक्षीवर. ज्याच्याविषयी बोललो, त्याच्या घरच्यांना विचारले गेले आहे का, हे मी पाहिलेच नव्हते. बीएडला असताना साधनांची पारख कशी करावी यावर मी पानेच्या पाने लिहिली होती.

मग मी दोन्ही बाजू शेजारी ठेवून पाहिल्या. फाइन त्या यजमानांना महाराजा म्हणतात. सर उमर महाराजा नव्हते, जमीनदार होते. अठरा वर्षांच्या अमेरिकन पाहुण्याला पंजाबातल्या घरातली नाती कितपत कळली असतील, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे पाहुणे आले की घरातला धाकटा, पुतण्या, जवळचा माणूस उठून वाढतो. तो नोकर नसतो. पण म्हणून फाइन यांनी पाहिले ते खोटे, असे मी म्हणणार नाही. आणि नातीला आजोबांचा अभिमान आहे म्हणून तिची साक्ष कमी दर्जाची, असेही म्हणणार नाही. नोकर ठरवल्यामुळे सांगणाऱ्याची गोष्ट रंगते, जमीनदार ठरवल्यामुळे घराण्याचा मान राहतो. इतिहास वाचणाऱ्याने दोन्हीकडे थोडे सावध असावे.

मला वाटते, अडचण शब्दाची आहे. इंग्रजीत "सर्व्हंट" म्हटले की चहाचा ट्रे डोळ्यांसमोर येतो. मराठीत यासाठी एक नेमका शब्दप्रयोग आहे: पदरी असणे. अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूरला शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते. महाराजांच्या पदरी मल्लही होते. त्यांना कुणी नोकर म्हणत नाही. पण ते पूर्ण स्वतंत्र होते असेही नाही. मान होता, खुराक होता, आणि आश्रयदात्याची मर्जीही होती. सुलतान खान सर उमर यांच्या पदरी होते. असे म्हटले की दोन्ही साक्षी एकाच घरात नांदू शकतात.

या शब्दाने एक कटू गोष्टही समोर येते. सुलतान खान यांच्या कारकिर्दीची सुरुवात सर उमर यांच्या प्रवासाने झाली आणि शेवटही त्यांच्याच प्रवासाने झाला. 1929 मध्ये सर उमर यांना लंडनला जायचे नसते, तर आपल्याला हे नाव कळले नसते. 1933 मध्ये त्यांचे लंडनचे काम चालूच राहिले असते, तर कदाचित जगज्जेतेपदासाठीही हे नाव चर्चेत आले असते. घराणे जमिनीचे असो वा नसो, घड्याळ दुसऱ्याच्या हातात होते.

किताब

जागतिक बुद्धिबळ संघटनेने, म्हणजे फिडेने, 1950 मध्ये पहिल्यांदा अधिकृत ग्रँडमास्टर किताब दिले. पहिल्या यादीत सत्तावीस नावे होती. त्यात युवे होते, फ्लोर होते, तार्ताकोव्हर होते. अनेक वर्षांपूर्वी स्पर्धा सोडलेले रुबिनस्टाइनही होते. म्हणजे निवृत्त झाल्यामुळे कुणाला वगळले असे नव्हते. सुलतान खान यांनी फ्लोर आणि रुबिनस्टाइन यांना प्रागमध्ये हरवले होते, तार्ताकोव्हर यांच्याशी सामना जिंकला होता. ते तेव्हा हयात होते, सरगोध्याजवळ शेतीवर होते. यादीत त्यांचे नाव नव्हते. पुढची सोळा वर्षे ते जगले, तेव्हाही आले नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये फिडेचे अध्यक्ष द्वोर्कोविच पाकिस्तानात आले आणि मीर सुलतान खान यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला. मृत्यूनंतर 58 वर्षांनी. पाकिस्तानने त्यांना आपला पहिला ग्रँडमास्टर म्हटले. भारतात काहींना ते रुचले नाही, कारण ते खेळले तेव्हा पाकिस्तान नव्हताच. ऑलिंपियाडमध्ये तर ते इंग्लंडकडून खेळले होते. विश्वनाथन आनंद 1988 मध्ये भारताचे पहिले ग्रँडमास्टर झाले, ही नोंद आपल्या जागी बरोबरच आहे. एका माणसाच्या चार वर्षांच्या खेळावर तीन देशांचे झेंडे रोवता येतात, आणि तो जिवंत असताना तिघांपैकी एकानेही किताबासाठी त्याचे नाव लावून धरले नाही.

नववीचा वर्ग

गेल्या वर्षी मी वर्गात ही गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी दुरुस्त करून. आधी मी काय सांगत होतो आणि ते का सोडले, हेही सांगितले. शिक्षकाने फळ्यावर लिहिलेले स्वतःच पुसले की मुलांना गंमत वाटते. एकाने विचारले, "मग सर, खरं काय? शिकलेले होते की नव्हते?"

मी त्याला हेस्टिंग्जच्या डावाचा कागद दिला. चाली लिहिलेल्या होत्या, पहिल्यापासून पासष्टाव्यापर्यंत. म्हटले, माणसाविषयी लोक दोन तऱ्हेने सांगतात, आणि त्या दोन्ही नीट ऐकायच्या. पण या पासष्ट चाली कुणी सांगोवांगी जोडलेल्या नाहीत. त्या त्याने स्वतःच्या हाताने केल्या आणि समोर कापाब्लांका बसला होता. आधी हे वाच.

दोघे-तिघे पट घेऊन कोपऱ्यात बसले. एक जण चाल वाचायचा, दुसरा मोहरे हलवायचा. घंटा झाली तरी ते चाळिसाव्या चालीच्या आसपासच होते. पट तसाच ठेवू का, असे त्यांनी विचारले. मी कपाटावर जागा करून दिली. सोमवारी सकाळी प्रार्थनेआधी येऊन त्यांनी डाव पूर्ण केला.